सड्यावरचा दगड आणि पलीकडचा डोंगर

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. तुम्ही जुना मामिया आरबी ६७ घेतलात, म्हणजे ६×७ सें.मी.ची निगेटिव्ह देणारा मीडियम फॉरमॅट फिल्म कॅमेरा, सोबत ९० मि.मी.ची लेन्स. श्रावणात बेळगाव-गोवा रस्त्यावरचं जांबोटी-कणकुंबी ओलांडून चोर्ल्याच्या बाजूच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर गेलात. समोर सव्वादोन मीटरवर जांभ्याचा दगड, त्याला बिलगून सीतेच्या आसवांचा जांभळा गालिचा, मागे गोव्याकडे उतरत जाणाऱ्या डोंगररांगा. फोनवरच्या ॲपने सांगितलं की एफ/३२ ला (एफचा आकडा मोठा तेवढं ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, बारीक) ४.३ मीटरवर फोकस करा, २.१५ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं शार्प येईल. तुम्ही तसंच केलंत. ट्रायपॉड होता, केबल रिलीज होती. ८ बाय १० इंचाच्या प्रिंटमध्ये फोटो सुंदर दिसला. घरच्या भिंतीसाठी १६ बाय २० चा प्रिंट काढला, तर दगडही सॉफ्ट आणि डोंगरही सॉफ्ट. लेन्स खराब निघाली का, की मीडियम फॉरमॅटमध्ये हे जमतच नाही, असा तुमचा प्रश्न आहे.

लेन्सवर इतक्यात संशय घेऊ नका. तुम्ही केलंत त्यात हयगय कुठेच नाही. ॲपने दिलेलं उत्तर ८ बाय १० च्या प्रिंटचं होतं आणि तुम्ही काढलात १६ बाय २०. सगळा घोळ एवढ्यातच आहे. पण तो नीट समजून घेतला तर पुढची वीस वर्षं उपयोगी पडेल, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

लेन्स खऱ्या अर्थाने शार्प असते ती एकाच अंतरावर. त्याच्या पुढचा-मागचा प्रत्येक बिंदू फिल्मवर बिंदू म्हणून न उमटता बारीक गोल ठिपका म्हणून उमटतो. त्या ठिपक्याला सर्कल ऑफ कन्फ्युजन म्हणतात. ठिपका डोळ्याला बिंदूच वाटण्याइतका लहान असेल तोवर आपण त्या भागाला शार्प म्हणतो. म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, जवळपासून लांबपर्यंत शार्प दिसणारी खोली, हा लेन्सच्या अंगचा गुण नसून कुठवर चालवून घ्यायचं याचा करार आहे. तक्ते आणि ॲप यांनी तो करार तुमच्या वतीने आधीच करून ठेवलेला असतो. ६×७ साठी ते साधारण ०.०६ मि.मी.चा ठिपका धरतात. आता हिशोब करा. ६×७ ची निगेटिव्ह प्रत्यक्षात ५६ × ६९.५ मि.मी. असते. तिचा ८ बाय १० करायला ३.६ पट मोठी करावी लागते, म्हणजे ०.०६ चा ठिपका प्रिंटवर ०.२ मि.मी. होतो. हातात धरून एक वीतभर अंतरावरून बघितलं तर एवढं डोळा माफ करतो. १६ बाय २० ला मात्र ७.३ पट. तोच ठिपका ०.४४ मि.मी. होतो. शाळेच्या पट्टीवरचा अर्धा मिलिमीटर बघा, म्हणजे फुलाच्या पाकळीचं काय झालं असेल ते लक्षात येईल.

आणखी एक गोष्ट ॲप सांगत नाही. हायपरफोकलवर, म्हणजे अनंत जेमतेम चालेल अशा सर्वांत जवळच्या अंतरावर (तुमचे ते ४.३ मीटर), फोकस केलं की डोंगर शार्प होत नाही. चालवून घेण्याची जी शेवटची हद्द आहे तिच्यावर तो नेमका उभा राहतो. जवळची मर्यादाही तशीच, दुसऱ्या टोकाला. तुमच्या फोटोत दगड एका हद्दीवर होता आणि डोंगर दुसऱ्या. खरा फोकस ४.३ मीटरवर, जिथे बहुतेक नुसतं गवत होतं. निगेटिव्ह लाइट बॉक्सवर ठेवून लूप (बघायचं भिंग) लावा आणि त्या पट्ट्यातलं गवत बघा. ते बाकी सगळ्यापेक्षा उठून स्पष्ट दिसलं, तर लेन्स आणि कॅमेरा दोन्ही निर्दोष आहेत.

तेही अगदी काचेसारखं दिसणार नाही, कारण दुसरा मामला एफ/३२ चा. ॲपर्चर लहान करत गेलं की भोकाच्या कडेने प्रकाश पसरतो, त्याला डिफ्रॅक्शन म्हणतात. त्यामुळे पडणाऱ्या ठिपक्याचा व्यास साधारणपणे एफच्या आकड्याला १.३४ ने गुणून मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मिळतो. एफ/१६ ला २१ मायक्रॉन, एफ/२२ ला सुमारे ३०, एफ/३२ ला ४३. तुमच्या १६ बाय २० वर एफ/३२ चा ठिपका ०.३१ मि.मी. होतो, आणि तो फोकसमध्ये असलेल्या गवतालाही सोडत नाही. एफ/२२ ला तोच ०.२२, एफ/१६ ला ०.१६. म्हणून ६×७ वर १६ बाय २० काढायचा असेल तर एफ/१६ ते एफ/२२ पेक्षा बारीक ॲपर्चरवर मी जात नाही. अगदीच नाइलाज असेल आणि छोट्या प्रिंटवर भागणार असेल तेव्हाच एफ/३२.

इथे पुष्कळ जण मला एफ/६४ गटाचा दाखला देतात. १९३२ साली सॅन फ्रान्सिस्कोकडच्या ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे मंडळींनी त्या ॲपर्चरचं नाव आपल्या गटाला दिलं, मग आपण एफ/३२ ला का भ्यावं? पण ते ८ बाय १० इंचाच्या निगेटिव्हचं काम. ती निगेटिव्ह ६×७ च्या साडेतीन पट मोठी, आणि पुष्कळदा तिचा प्रिंट तेवढ्याच आकाराचा, मोठा न करता काढायचा. त्यांच्या एफ/६४ ची खोली आणि त्यांच्या एफ/६४ चं डिफ्रॅक्शन आपल्या ६×७ वर एफ/१८ ला मिळतं. उलट बाजूने, तुमच्या ६×७ चं एफ/२२ म्हणजे ३५ मि.मी. कॅमेऱ्याचं एफ/११. तोच देखावा, तेवढीच खोली, तेवढाच आकार मागितला तर डिफ्रॅक्शनही तेवढंच येतं. मीडियम फॉरमॅट खोली फुकट देत नाही. ते देतं ते मोठं निगेटिव्ह, टोनची श्रीमंती, आणि जिथे खोली कमी लागते तिथे मिळणारी खरी तीक्ष्णता.

मग करायचं काय? माझा क्रम असा. घरातून निघतानाच ठरवायचं की याचा सर्वांत मोठा प्रिंट कितीचा निघणार. १६ बाय २० असेल तर ठिपका ०.०३ मि.मी. धरायचा, म्हणजे तक्त्याच्या निम्मा. ॲपमध्ये हा आकडा बदलता येत असेल तर बदलून ठेवा. नसेल तर ॲप सांगेल त्यापेक्षा ॲपर्चर दोन स्टॉप बारीक धरा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा, दोन स्टॉप म्हणजे एफचा आकडा दुप्पट). आणि ते शक्य नसेल तर जागा बदला.

जागेवर गेल्यावर पहिलं काम म्हणजे चौकटीत शार्प हवी असलेली सर्वांत जवळची वस्तू किती लांब आहे ते मोजणं. अंदाज नको. मी गवंडी-सुतार लोक वापरतात तो लेझर मीटर खिशात ठेवतो. नसेल तर पावलं मोजा, पण आपलं पाऊल किती सेंटीमीटरचं पडतं ते एकदा अंगणात टेप लावून बघितलेलं असावं. ते अंतर दुप्पट करा आणि तिथे फोकस करा. जवळची वस्तू आणि अनंत, दोन्हींचा ठिपका सारखा येण्याची जागा तीच. 'पुढून एक तृतीयांशावर फोकस करा' हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. तो फक्त तेव्हाच खरा ठरतो जेव्हा फोकसचं अंतर हायपरफोकलच्या बरोबर तिसरा हिस्सा असतं. अनंतापर्यंतच्या देखाव्याला तो लागूच पडत नाही, कारण अनंताचा तिसरा हिस्सा काढणार कुठे?

मग ॲपर्चर. फोकल लांबीचा (लेन्सवरच्या मि.मी.च्या आकड्याचा) वर्ग करा, त्याला ठिपक्याने भागा आणि जवळच्या अंतराच्या दुपटीने भागा, सगळं मिलिमीटरमध्ये. तुमच्या दगडाला हे लावू. ९० चा वर्ग ८१००. भागिले ०.०३, भागिले ४५००. उत्तर ६०. एफ/६० पाहिजे होतं, आणि लेन्सवर ३२ च्या पुढे आकडाच नाही. म्हणजे त्या जागेवरून, त्या लेन्सने, एका फ्रेममध्ये १६ बाय २० ला पुरेल असा फोटो कुणालाच काढता आला नसता.

आता दोन-तीन पावलं मागे सरका. दगड सव्वादोनऐवजी साडेचार मीटरवर. उत्तर लगेच निम्मं होतं, एफ/३०. जवळचं अंतर दुप्पट केलं की दोन स्टॉप पदरात पडतात. लेन्स ९० ची काढून ६५ ची लावली तर वर्ग होतो ४२२५ आणि उत्तर येतं एफ/१५.६. म्हणजे एफ/१६, फोकस नऊ मीटरवर, आणि दगडापासून डोंगरापर्यंत सगळं १६ बाय २० ला पुरून उरतं. याची किंमत आहे, ती लपवत नाही. दगड चौकटीत पहिल्यापेक्षा जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढा दिसेल आणि डोंगरही बसका होईल. म्हणून मागे सरल्यावर तोच दगड घेऊन बसायचं नाही, मोठा दगड शोधायचा. चोर्ल्याच्या सड्यावर कमरेएवढे जांभ्याचे उंचवटे हवे तेवढे सापडतात.

कॅमेऱ्याची उंचीही इथे मोजायला हवी, आणि हे फार कमी लोक करतात. ६५ ची लेन्स, आडवी चौकट, क्षितिज मधोमध. कॅमेरा दीड मीटरवर असेल तर चौकटीच्या खालच्या कडेला दिसणारी जमीन साडेतीन मीटरवर असते. तोच कॅमेरा गुडघ्याखाली, ६० सेंटीमीटरवर आणलात तर ती १.४ मीटरवर येते. फुलं जवळून दिसावीत म्हणून सगळे खाली बसतात आणि मग खोली पुरत नाही म्हणून लेन्सला बोल लावतात. एक हात वर उचलला की पुष्कळदा प्रश्नच मिटतो.

आता माझ्या मनाच्या सर्वांत जवळचा मुद्दा. दोन्ही टोकांना सारखा न्याय द्यायचा हे गणिताला पटतं, डोळ्याला नेहमी पटत नाही. डोंगराच्या माथ्यावरची झाडं निगेटिव्हवर केसाएवढी असतात. ती जराशी सॉफ्ट झाली की सगळा फोटोच धुरकट वाटतो. समोरचा दगड मोठा आहे, त्याला थोडं सोसतं. कॅनडाचे हॅरॉल्ड मर्कलिंजर यांनी हे उलट बाजूने मांडलं: ठिपका फिल्मवर मोजण्याऐवजी वस्तूवर मोजा. फोकस अनंतावर असेल तर कुठल्याही अंतरावरच्या वस्तूवर पडणारा ठिपका हा ॲपर्चरच्या भोकाएवढा असतो. ९० ची लेन्स एफ/२२ ला, म्हणजे भोक ४.१ मि.मी.चं. ४ मि.मी.पेक्षा मोठं जे असेल ते ओळखू येईल, त्याहून बारीक असेल ते विरघळेल, मग ते दोन मीटरवर असो की दोनशे. फोकस अनंतावरून जवळ आणत गेलात की अलीकडच्या वस्तूवरचा ठिपका लहान होत जातो.

हे सड्यावर लावून बघू. ९० चीच लेन्स, एफ/२२, दगड साडेचार मीटरवर, फोकस नऊऐवजी बारा मीटरवर. डोंगराचा ठिपका १६ बाय २० वर ०.२२ मि.मी., म्हणजे डोंगर चोख. दगडावर पडणारा ठिपका अडीच मिलिमीटरचा. आता जांभ्याच्या दगडापाशी खरंच गुडघे टेकून बसा आणि बघा त्यात काय असतं. बोटाचं टोक जाईल एवढी भोकं, भोकांच्या कडांना लोखंडी तपकिरी कवच, आत पिवळट माती, पावसाळ्यात त्या मातीत शेवाळ्याची मखमल. भोकं सेंटीमीटरभराची, ती ठसठशीत उमटतात. कवचाची कड उमटते. जातात ते फक्त मातीचे कण आणि शेवाळ्याचे तंतू. जांभा हा दगड यासाठी देवानेच दिलाय, त्याची वीण मुळातच भरड. सीतेच्या आसवांचं फूल साधारण सेंटीमीटरभराचं, ते फूल म्हणून कळतं, पाकळीवरच्या शिरा कळत नाहीत. शिरा हव्या असतील तर फोटोचा नायक फूल आहे हे कबूल करा आणि डोंगराला मागे धूसर राहू द्या. दोघांनाही नायक करायचा हट्ट धरला की तुमच्या १६ बाय २० सारखं होतं.

मी स्वतः हे एका मोठ्या प्रिंटमुळे शिकलो. एका ओळखीच्या घरासाठी याच भागातला फोटो ३० बाय ४० केला होता. लेन्सवरच्या खुणांवर विश्वास ठेवून हायपरफोकल लावलं होतं. समोरची कारवी बरी आली, मागची रांग मात्र अशी की जणू लेन्सवर बाष्प बसलंय. त्या घरी गेलो की आजही माझी नजर पहिली त्या रांगेवर जाते. तेव्हापासून शंका असेल तिथे मी फोकस लांबच्या बाजूला झुकवतो.

भातशेतीचा प्रकार निराळा. रोपलावणी झालेलं खाचर, ओळी पायाशी सुरू होऊन पार बांधापर्यंत आणि पुढे गावापर्यंत गेलेल्या, असा फोटो खानापूरच्या बाजूला जुलैत सगळ्यांनाच घ्यावासा वाटतो. इथे खोली आहे पण उंची नाही, सगळं एका सपाट पातळीत. अशा वेळी ॲपर्चर बारीक करण्यापेक्षा लेन्स झुकवणं हा खरा उपाय. ऑस्ट्रियाच्या लष्करातला कॅप्टन टेओडोर शाइम्फ्लूग याच्या नावाने हा नियम ओळखला जातो, त्याचं पेटंट १९०४ चं आहे. लेन्स थोडी खाली झुकवली की शार्पनेसची पातळी उभी न राहता जमिनीवर आडवी होते. किती झुकवायची? फोकल लांबी भागिले जमिनीपासून कॅमेऱ्याची उंची. ८० ची लेन्स आणि दीड मीटर उंची असेल तर अवघे तीन अंश. एवढ्यावर पायाशी असलेल्या रोपापासून बांधापर्यंत सगळं एफ/११ ला शार्प येतं.

तुमच्या आरबी ६७ ला ही सोय नाही. रोलायफ्लेक्स एसएल ६६ मध्ये लेन्स आठ अंशांपर्यंत झुकते, फुजी जीएक्स ६८० मध्येही झुकते, आणि फील्ड कॅमेऱ्याला रोल फिल्मची बॅक लावूनही हे काम होतं. पण झुकवण्यालाही मर्यादा आहे. खाचराच्या अलीकडच्या बांधावर एखादं उंच झाड असलं की त्याचा शेंडा त्या आडव्या पातळीच्या कितीतरी वर निघतो आणि सॉफ्ट पडतो, कारण जवळच्या बाजूला शार्पनेसची जाडी पाचरीसारखी निमुळती असते. लांबचं गाव, लांबची नारळाची झाडं चालतात, तिथे पाचर रुंद झालेली असते. समोर उभं काही असेल तर झुकवण्याच्या नादाला लागू नका.

गोकाकचा धबधबा घ्या. घटप्रभा जवळपास ५२ मीटर खाली उडी घेते. समोरच्या काठावरून बघताना तुमच्यापासून सर्वांत जवळची वस्तू चाळीस मीटरच्या पुढे असते. सूत्र लावलं तर ९० च्या लेन्सला एफ/३.४ पुरतं. तरी मी तिथे लोकांना एफ/२२ लावताना बघतो, का तर 'लँडस्केप आहे'. एफ/८ किंवा एफ/११ लावा. लेन्स तिथेच सर्वांत उत्तम काम करते आणि मीडियम फॉरमॅट काय चीज आहे ते तुम्हाला तिथे दिसेल. पाण्याची धार रेशमासारखी हवी असेल तर शटरसाठी एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काच) लावा, ॲपर्चर त्यासाठी राबवू नका. आणि झुलत्या पुलावर ट्रायपॉड नको, माणूस चालला की तो हलतो.

वाऱ्याबद्दल लिहायलाच हवं, कारण सड्यावर तुमचा अर्धा फोटो वाऱ्याने नेला असण्याची शक्यता आहे. सूर्य उगवल्या-उगवल्या, ढगाळ हवेत, आयएसओ १०० च्या फिल्मला एफ/२२ म्हटलं की शटर अर्ध्या सेकंदावर येतं, एफ/३२ ला एक सेकंद. पश्चिमेचा वारा सड्यावरून सरळ येतो आणि एका सेकंदात गवताचं पातं दोनदा वाकून उठतं. लूपखाली हे ओळखायची खूण सोपी आहे. फोकस चुकलेला असेल तर दगड आणि गवत दोन्ही सारखेच सॉफ्ट दिसतात. वारा असेल तर दगडाची भोकं नीट दिसतात आणि पाती तेवढी पुसली जातात. दोन्ही सॉफ्ट आणि सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसलं तर ट्रायपॉड हललाय किंवा कॅमेऱ्यातल्या आरशाचा धक्का बसलाय. एफ/११ ला तेच शटर सेकंदाच्या आठव्या हिश्श्यावर येतं. म्हणून मागे सरून मिळवलेले दोन स्टॉप फक्त डिफ्रॅक्शनसाठी नसतात, ते वाऱ्यासाठीही असतात. तरीही पुरत नसेल तर ४०० ची फिल्म भरा. ६×७ वर तिचा दाणा १६ बाय २० ला सोसवतो, पुसलेलं गवत सोसवत नाही. सरीनंतर पाचदहा मिनिटं हवा पडते, त्या वेळेची वाट बघा.

लांब एक्स्पोजर देताना फिल्म मंदावते तेही धरा. इलफोर्डच्या तक्त्याप्रमाणे, त्यांच्या एफपी ४ फिल्मला मीटरने आठ सेकंद दाखवले तर प्रत्यक्षात चौदाच्या आसपास द्यावे लागतात.

आरशाचं म्हणाल तर आरबी ६७ चा आरसा मोठा आणि धक्का जोरात देणारा. लेन्सवरची मिरर अपची कळ फिरवा, बॉडीचं बटन दाबून आरसा वर घ्या, दोन-तीन सेकंद थांबा, मग लेन्सला लावलेल्या केबलने शटर सोडा. तुम्ही केबल लावली होती असं लिहिलंय, पण ती बॉडीला होती की लेन्सला ते लिहिलेलं नाही. बॉडीला असेल तर आरशाचा धक्का तुमच्या फोटोत आहेच असं समजा.

जुना कॅमेरा आहे, तेव्हा एकदा ही तपासणी करून घ्या. टेबलावर वर्तमानपत्र पसरा, मधल्या एका ओळीखाली लाल पेनने रेघ मारा. कॅमेरा ४५ अंशांत वरून बघेल असा लावा, ॲपर्चर पूर्ण उघडं, भिंगाने ग्राउंड ग्लासवर (कॅमेऱ्याच्या फोकसच्या काचेवर) बरोबर त्या लाल रेघेवर फोकस करा आणि एक फ्रेम घ्या. फिल्मवर सर्वांत शार्प ओळ लाल रेघेचीच असेल तर काचेचं आणि फिल्मचं जमलंय. दुसरीच ओळ शार्प आली तर कुणीतरी काच काढून उलटी बसवलीय किंवा आरसा जागेवर बसत नाही, आणि मग कितीही गणित केलं तरी वाया. हे काम एका रोलच्या दहापैकी तीन फ्रेममध्ये होतं. फिल्म पुढे घेऊन तासन्‌तास तशीच ठेवायची नाही, घ्यायच्या आधी लगेच वाइंड करायची, हीही माझी सवय. १२० ची फिल्म बॅकमध्ये राहून फुगते आणि उघड्या ॲपर्चरला ते दिसतं.

फोकस डोळ्याने तपासायचा असेल तर लेन्सवरची प्रिव्ह्यूची दांडी ओढा. एफ/२२ ला ग्राउंड ग्लास काळोखा होतो, पहिले काही क्षण काहीच दिसत नाही. डोक्यावर काळं कापड घ्या, अर्धा मिनिट डोळा स्थिरावू द्या. पण त्या काळोखात अनंताचा शार्पनेस ठरवायला जाऊ नका, तिथे सगळंच चांगलं वाटतं. अंतर मोजून घेतलेला आकडा त्यापेक्षा भरवशाचा. बॉडीच्या बाजूला प्रत्येक फोकल लांबीसाठी अंतराच्या वक्ररेषा कोरल्या आहेत, त्यांच्याशी मेळ घाला.

डिजिटल मीडियम फॉरमॅटवाल्यांसाठी थोडं. ४४ × ३३ मि.मी.चा सेन्सर, १०० मेगापिक्सेल, एकेक पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा. तो चुका लपवत नाही, म्हणून मी तिथे ठिपका ०.०१५ मि.मी. धरतो. ४५ च्या लेन्सला एफ/११ वर हायपरफोकल १२.३ मीटर येतं, जवळची हद्द सहा मीटरच्या वर. त्यामुळे तिथे एकाच फ्रेमचा हट्ट सोडून फोकस स्टॅकिंग केलेलं बरं, म्हणजे वेगवेगळ्या अंतरांवर फोकस करून घेतलेल्या फ्रेम नंतर एकत्र जोडणं. दीड मीटरपासून अनंतापर्यंत, एफ/८ ला, सहा फ्रेम पुरतात: १.६५, २.०५, २.७, ४ आणि ७.५ मीटर, आणि सहावी लांबच्या डोंगरावर. बघा, जवळ दाट आणि लांब विरळ. लोक मीटरच्या सारख्या टप्प्यांनी घेतात आणि समोरच्या दोन मीटरमध्ये भोकं पडतात. मी दोन फ्रेम जास्तीच्या घेतो. पण वाऱ्यात हलणारं गवत, वाहतं पाणी, सरकतं धुकं यांना स्टॅकिंग जमत नाही. पात्यांच्या कडांना दुहेरी झालर येते आणि ती नंतर हाताने पुसत बसावी लागते. ऑटोफोकस लेन्स अनंताच्याही पलीकडे फिरते, तेव्हा रिंग शेवटापर्यंत फिरवून 'झालं अनंत' असं समजू नका, पडदा मोठा करून डोंगरावरच्या झाडावर फोकस करा.

आणि हवा. मार्च-एप्रिलमध्ये आमच्या सीमाभागात उन्हाची झळ, धूळ आणि उसाचा पाला पेटवल्याचा धूर असतो. बेळगावजवळच्या राजहंसगडावरून बघितलं तर दुपारी समोरच्या टेकड्यांची नुसती सावली दिसते. ते कुठल्याही ॲपर्चरने सुधारत नाही. वळवाची एक चांगली सर पडून गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी तीच रांग जणू धुऊन वाळत घातल्यासारखी जवळ येते. श्रावण-भाद्रपदात सड्यावर धुकं येऊन-जाऊन असतं, फटीत सापडतात ती मिनिटं.

तेव्हा भाद्रपद संपायच्या आत परत त्याच सड्यावर जा. ६५ ची लेन्स कुणाकडून मागून घेता आली तर उत्तम. कॅमेरा छातीएवढ्या उंचीवर, मोठ्या उंचवट्यापासून साडेचार मीटर मागे. नऊ मीटरवर एखादा पांढरा खडा किंवा टोपी ठेवा, त्यावर फोकस करा आणि टोपी उचलायला विसरू नका. एफ/१६, आरसा वर, केबल लेन्सला. ६५ मिळाली नाही तर ९० चीच, एफ/२२, टोपी बारा मीटरवर. तीच चौकट एकदा फोकस अनंतावर ठेवूनही घ्या. दोन्ही निगेटिव्ह लाइट बॉक्सवर शेजारी ठेवून आधी डोंगर बघा, मग दगड, आणि काय दिसलं ते मला जरूर कळवा.